रिकाम्या सुईची गोष्ट : ड्राय नीडलिंगचा इतिहास

#थ्रेड

१९८० साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डॅनिश डॉक्टरांचा एक लहानसा लेख प्रसिद्ध झाला. स्नायूंच्या दुखण्याने हैराण झालेल्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले होते. एका गटाच्या दुखऱ्या जागी मेपिव्हॅकेन हे बधिर करणारे औषध टोचले आणि दुसऱ्या गटाला नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि टोचणाऱ्यालाही नव्हते. औषधाची बाजू उघडच जड ठरणार, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मिठाच्या पाण्याचा गट मागे पडला नाही; उलट काकणभर पुढेच राहिला.

तुलनेसाठी घेतलेली निष्प्रभ वस्तू औषधाच्या बरोबरीने काम करू लागली की संशोधकापुढे दोन वाटा उरतात. दोन्ही उपचार निरुपयोगी असून रुग्ण आपोआप बरे होत आहेत, असे तरी म्हणावे. किंवा दोन्ही गटांत समान असलेली, आजवर कोणी मोजलीच नाही अशी एखादी गोष्ट गुण देत आहे, असे तरी. या प्रयोगात समान होती ती सुई.

आज फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत ‘ड्राय नीडलिंग’ या नावाने जो उपचार चालतो, त्याचा जन्म या दुसऱ्या वाटेवर झाला. ‘ड्राय’ म्हणजे कोरडी, औषध नसलेली सुई. बहुतेक उपचार कोणीतरी शोधून काढतो. हा उपचार मात्र दुसऱ्याच एका उपचारातून औषध वजा केल्यावर जे शिल्लक राहिले, त्यातून उभा राहिला. त्याच्या वाट्याला आलेली कीर्ती आणि त्याच्या मागे लागलेले वाद, दोन्ही या जन्मकथेतच दडलेले आहेत.

आधी दुखणे काय ते पाहू. मान धरते, पाठीत उसण भरते, खांद्याच्या पात्याखाली काहीतरी सतत ठुसठुसत राहते. एक्स-रे स्वच्छ, रक्ततपासणी स्वच्छ. बोटाने चाचपले तर स्नायूत ताणलेल्या दोरीसारखा पट्टा लागतो आणि त्यावरची एक जागा दाबताच रुग्ण कळवळतो. अशा माणसाला ‘मनाचे खेळ आहेत’ असे ऐकवले जाण्याची परंपरा जुनी आहे. दिसत नसलेल्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा या सगळ्या इतिहासातला अंतर्प्रवाह आहे.

युरोपला दुखऱ्या जागी सुई खुपसण्याची कल्पना पूर्वेकडून मिळाली. डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य विलेम तेन राइने १६७४ ते १६७६ या काळात नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर होता. १६८३ साली लंडनमध्ये छापलेल्या लॅटिन ग्रंथात त्याने जपानमध्ये पाहिलेल्या सुयांच्या उपचाराला ‘ॲक्युपंक्चुरा’ हे नाव दिले. चिनी-जपानी वैद्यकातील नाड्या आणि ‘ची’ यांचा अर्थ पश्चिमेला फारसा उमगला नाही. सुई तेवढी तिने उचलली. १८२१ साली लंडनचा शल्यवैद्य जेम्स मॉर्स चर्चिल याने स्नायूंच्या दुखण्यावर सुया वापरण्याविषयी पुस्तक लिहिले. थोड्याच वर्षांत फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनचा पणतू फ्रँकलिन बाख याने त्याचे प्रयोग केले. ते तुरुंगातील कैद्यांवर केले, ही गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. कैद्याला नकार देण्याची कितपत मुभा असेल, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडलेला दिसत नाही.

या परंपरेचे सर्वांत मोठे नाव म्हणजे विल्यम ऑस्लर. १८९२ साली निघालेला त्यांचा वैद्यकाचा पाठ्यग्रंथ इंग्रजी जगात कित्येक पिढ्यांनी वाचला. कंबर अचानक धरल्यास तीन-चार इंच लांबीच्या सुया थेट दुखऱ्या स्नायूत घालाव्यात आणि पाच-दहा मिनिटांनी काढाव्यात, असा सल्ला त्यात आहे. खास सुया नसतील तर बायका टोपीत खोवतात त्या लांब सुया निर्जंतुक करून वापराव्यात, अशी सोयही सांगितली आहे. ऑस्लर माँट्रियलला होते तेव्हाचा एक किस्सा त्यांच्या चरित्रात येतो. साखरेचे धनाढ्य कारखानदार पीटर रेडपाथ कंबरदुखी घेऊन आले. ऑस्लरनी सुया टोचल्या. प्रत्येक टोचणीसरशी म्हाताऱ्याच्या तोंडून शिव्यांची लाखोली बाहेर पडली आणि शेवटी ते होते तसेच लंगडत निघून गेले. गुण आला असता तर मॅकगिल विद्यापीठाला घसघशीत देणगी मिळाली असती, अशी ऑस्लरची हळहळ होती. ज्या उपचाराची पाठ्यग्रंथात शिफारस आहे, तो कधी चालतो आणि कधी नाही याचा अंदाज खुद्द ग्रंथकारालाही नव्हता, एवढे त्यावरून कळते.

त्यानंतर पोकळ सुईचा वापर वाढला आणि भरीव सुई मागे पडली. पिचकारीतून औषध थेट शरीरात सोडता येऊ लागल्यावर नुसती सुई टोचण्यात कोणाला स्वारस्य उरणार? पुढची काही दशके सुई हे केवळ औषधाचे वाहन होते.

दरम्यान दुखण्यालाच नवे नाव मिळाले होते. १९०४ साली लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द रूढ केला. तंतुमय ऊतींना सूज येते म्हणून स्नायू दुखतात, असा त्यामागचा तर्क होता. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली ती सूज खात्रीने सापडेना. नाव मात्र टिकले. वैद्यकात नावे अशीच टिकतात.

खरी कलाटणी १९३८ मध्ये मिळाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये सर थॉमस लुइस यांच्या हाताखाली जोनास केलग्रेन नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. निरोगी माणसांच्या निरनिराळ्या स्नायूंत तो मिठाचे तीव्र द्रावण थोडेसे टोचायचा आणि दुखते कुठे हे विचारून शरीराच्या आकृतीवर नोंदवायचा. निष्कर्ष चमत्कारिक होते. टोचले नितंबाच्या स्नायूत आणि कळ गेली पायात. टोचले मानेजवळ आणि दुखू लागले डोके. आपल्याकडे चुकीच्या उपचाराची टिंगल करताना ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असे म्हणतात. केलग्रेनचे नकाशे सांगत होते की स्नायूंच्या बाबतीत दुखणे एकीकडे आणि त्याचे मूळ भलतीकडे असू शकते. तेव्हा पखालीलाही औषध देऊन पाहायला हवे. त्याने रुग्णांच्या अशा दूरच्या दुखऱ्या जागा शोधून तिथे बधिर करणारे औषध टोचले आणि अनेकांना आराम पडला.

हा धागा अमेरिकेत पुढे नेला तो जॅनेट ट्रॅव्हेल यांनी. १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या ट्रॅव्हेल औषधशास्त्र शिकवत आणि रुग्णही पाहत. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आजाराचे रुग्ण खांदा आणि हात दुखण्याची जी तक्रार करत, तिचे मूळ पुष्कळदा स्नायूतल्या एखाद्या बिंदूत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. १९४२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह अशा खांदेदुखीवर प्रोकेनच्या इंजेक्शनांचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये सीमोर रिंझलर यांच्यासह लिहिलेल्या लेखात स्नायूनिहाय दुखण्याचे नकाशे दिले. ‘ट्रिगर पॉइंट’ ही संज्ञा रुळली ती याच लेखनामुळे. बंदुकीचा चाप इथे, गोळी लागते तिथे, ही प्रतिमा केलग्रेनच्या निरीक्षणाला चपखल बसत होती.

१९५५ साली एक तरुण सिनेटर कुबड्या घेऊन त्यांच्याकडे आला. पाठीवरच्या दोन शस्त्रक्रियांनीही त्याला उतार पडला नव्हता. जॉन केनेडी हे त्याचे नाव. ट्रॅव्हेल यांनी प्रोकेनची इंजेक्शने दिली, एक पाय किंचित आखूड असल्याचे ओळखून बुटात टाच उंच करवली आणि झुलती खुर्ची वापरायला सांगितले. पुढे ती खुर्ची केनेडींची ओळखच बनली. १९६१ मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा ट्रॅव्हेल त्यांच्या वैयक्तिक चिकित्सक म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेल्या. या पदावरील त्या पहिल्या स्त्री. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस वारंवार दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांविषयी इतर डॉक्टरांना चिंता वाटू लागली. हान्स क्राउस या गिर्यारोहक डॉक्टरला बोलावण्यात आले. त्याने भर दिला तो व्यायामावर. सुईने आराम आणि व्यायामाने बळ, हे दोन विचार त्या वेळी एकमेकांसमोर उभे होते. ते एकाच फिजिओथेरपिस्टच्या हाती एकत्र यायला आणखी दोन-तीन दशके लागली.

आता पुन्हा रिकाम्या सुईकडे. ट्रॅव्हेल यांचा लेख येण्याच्या आदल्याच वर्षी, १९४१ मध्ये, ब्राव्ह आणि सिगमंड या अमेरिकी डॉक्टरांनी कंबरदुखी आणि सायटिका यांवरील इंजेक्शनांचा अभ्यास मांडला होता. काहीही न सोडता केवळ सुई टोचूनही दुखणे कमी होते, अशी नोंद त्यात आहे. १९४७ साली पॉलेट या डॉक्टरच्या ‘लॅन्सेट’मधील कंबरदुखीवरच्या लेखात ‘ड्राय नीडलिंग’ हा शब्दप्रयोग येतो. म्हणजे नाव मिळाले, निरीक्षण नोंदले गेले. आणि तरी तीस वर्षे कोणी त्याचा पाठपुरावा केला नाही. कारण समजण्यासारखे आहे. इंजेक्शनमध्ये औषध आहे तोवर ‘कशाने गुण आला’ या प्रश्नाला सोपे उत्तर होते. औषध काढून घेतले की उत्तरही निघून जाते.

१९७९ मध्ये प्रागच्या कारेल ल्यूइट यांनी हे धाडस केले. ‘पेन’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी सुईच्या परिणामाला औषधाच्या परिणामापासून वेगळे काढले. २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागा टोचल्या. नेमकी जागा साधली तेव्हा ८६.८ टक्के ठिकाणी ताबडतोब आराम पडला आणि तोही त्वचा बधिर न होता. हा आकडा आज जाहिरातींत सर्रास फिरतो. पुढचा आकडा फिरत नाही : नंतर पाठपुरावा केलेल्या २८८ जागांपैकी कायमचा आराम पडला तो ९२ जागी. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हताच. ल्यूइट यांचे मोठेपण आकड्यांत नाही, प्रश्न नीट विचारण्यात आहे. औषध नको, सुई पुरे, हे त्यांनी उघडपणे म्हटले आणि पुढच्याच वर्षी आरंभी सांगितलेला डॅनिश प्रयोग आला.

त्याच १९८० साली कॅनडातील व्हँकुव्हरच्या चॅन गन यांनी जुनाट कंबरदुखी असलेल्या कामगारांवरील चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या उपचाराला सुयांची जोड दिलेला गट अधिक सुधारला. गन इंजेक्शनच्या सुईऐवजी ॲक्युपंक्चरची भरीव सुई वापरत. हा बदल वाटतो तेवढा किरकोळ नाही. इंजेक्शनच्या सुईचे टोक तिरपे व धारदार असते, ते ऊती कापत जाते. भरीव सुई केसासारखी बारीक असते आणि तंतूंना बाजूला सारत आत शिरते. इंग्लंडमध्ये पीटर बाल्ड्री यांनी तर सुई स्नायूपर्यंत न नेता त्वचेखाली अर्धा-एक सेंटिमीटरच घालायला सुरुवात केली. छातीवर आणि खांद्यावर खोल सुई गेली तर फुप्फुसाला छिद्र पडण्याचा धोका असतो, हे छातीविकारांच्या या डॉक्टरला वेगळे सांगायला नको होते. गंमत अशी की त्यांच्याही रुग्णांना आराम पडत होता. आधी औषध गळाले, मग पोकळ सुई गळाली, आता खोलीही.

सिद्धान्ताची बाजू सांभाळली ती डेव्हिड सायमन्स यांनी. हा माणूस मूळचा अमेरिकी हवाई दलातला डॉक्टर. ऑगस्ट १९५७ मध्ये ‘मॅनहाय’ प्रकल्पाच्या फुग्याला टांगलेल्या कुपीत बसून तो सुमारे १,०१,५०० फूट उंचीवर गेला होता. पुढे ट्रॅव्हेल यांचे व्याख्यान ऐकून तो स्नायूंकडे वळला. दोघांनी मिळून लिहिलेल्या ‘ट्रिगर पॉइंट मॅन्युअल’चा पहिला खंड १९८३ मध्ये आणि दुसरा १९९२ मध्ये निघाला. स्नायूला आदेश पोचवणाऱ्या चेतातंतूच्या टोकाशी रसायन गरजेपेक्षा जास्त पाझरते, तेवढाच भाग आकसून राहतो, रक्तपुरवठा घटतो आणि वेदना जागवणारी द्रव्ये साचतात, असे सायमन्स यांचे स्पष्टीकरण. सुई नेमकी लागली की तो पट्टा क्षणभर फडफडतो. १९९४ मध्ये चांग-झर्न हाँग यांनी दाखवले की ही फडफड साधली नाही तर, औषध असो वा नसो, फारसा गुण येत नाही.

दुसरे स्पष्टीकरण चेतासंस्थेकडे बोट दाखवते. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असते आणि दुसरी संवेदना ते अंशतः बंद करू शकते. दुखऱ्या जागी बिब्ब्याचा चटका किंवा डाग देण्याची आपल्याकडची रीत आठवावी : एका वेदनेने दुसरी दाबायची. बाल्ड्रींची उथळ सुई या तर्कात अधिक सहज बसते.

मात्र सगळ्यांना हे पटलेले नाही. २००१ मध्ये कमिंग्ज आणि व्हाइट यांनी २३ चाचण्या एकत्र तपासल्या. काय टोचले याने फरक पडत नाही, कोरडी आणि ओली सुई सारखीच, हे त्यांनी मान्य केले. पण सुई स्वतः प्लासिबोपेक्षा, म्हणजे उपचाराच्या निव्वळ आभासापेक्षा, सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१५ मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी ट्रिगर पॉइंट ही संकल्पनाच नाकारली. वेदना खरी आहे, पण तिचे मूळ त्या गाठीत असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद. अनेक तपासनिसांना एकाच रुग्णाच्या पाठीवर तोच बिंदू सापडत नाही, हा आक्षेप खोडून काढणे ट्रिगर पॉइंटवाद्यांना आजही जड जाते.

अडचण जन्मकथेतूनच आलेली आहे. औषधाची परीक्षा करायची तर मिठाचे पाणी घेता येते. सुईची परीक्षा करायची तर काय घ्यायचे? १९९८ साली जर्मनीत स्ट्राइटबर्गर यांनी नाटकातल्या खंजिरासारखी सुई तयार केली : टोक बोथट, दाबली की दांड्यात शिरते, टोचल्याचा भास तेवढा होतो. पण तिचाही स्पर्श होतोच, आणि बाल्ड्री तर म्हणत होते की हलकी टोचणीही पुरते. तुलनेचा जो गट एकदा स्वतःच उपचार ठरला, त्याच्यासाठी नवा तुलनागट सापडणे सोपे नव्हते.

औषध गळाल्याचा एक सामाजिक परिणामही झाला. फिजिओथेरपिस्टला इंजेक्शन देण्याचा अधिकार सहसा नसतो. कोरड्या सुईत औषधच नसल्याने ते कुंपण आपोआप ओलांडले गेले. अमेरिकेत मेरीलँडने १९८४ मध्ये ही परवानगी दिली आणि पुढे अनेक राज्ये त्या वाटेने गेली. तिथून ‘ही सुई कोणाची’ हे भांडण सुरू झाले.

ॲक्युपंक्चरवाल्यांचे म्हणणे सोपे होते. सातव्या शतकात सुन सिमियाओ या चिनी वैद्याने दाबल्यावर रुग्ण ‘हो, इथेच!’ म्हणतो त्या जागी सुई टोचण्याविषयी लिहिले आहे. चिनी भाषेत त्यांना ‘आ-शी’ बिंदू म्हणतात. मग ट्रिगर पॉइंट वेगळा कसा? १९७७ मध्ये मेलझॅक यांनी तर दोन्ही बिंदू ७१ टक्के जुळतात असे मांडले होते, जरी पुढे त्या मोजणीवर टीका झाली. फिजिओथेरपिस्टांचे उत्तर असे की आम्ही ‘ची’ मानत नाही, शरीररचना मानतो. साधन एक असले तरी शास्त्र वेगळे. ब्रिटनमध्ये हा वाद तेवढा पेटला नाही, कारण तिथल्या फिजिओथेरपिस्टांनी १९८४ मध्ये संघटना काढली तीच मुळी ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द नावात घेऊन. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र चिकित्सापद्धतीचा दर्जा मिळाला. ‘ही सुई कोणाची’ हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही परका राहत नाही.

अमेरिकेत मात्र शब्दामागे माणसांची भोगलेली वर्षे होती. १९७४ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे मिरियम ली या चिनी स्थलांतरित बाईंना परवान्याविना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून अटक झाली. ॲक्युपंक्चर हा त्यांचा गुन्हा. सुनावणीला त्यांच्या रुग्णांनी न्यायालय भरून टाकले. पुढच्या दोन वर्षांत त्या राज्यात ॲक्युपंक्चरला कायदेशीर मान्यता मिळाली. ज्या सुईसाठी आपल्या माणसांनी अटक सोसली, तीच सुई दुसऱ्या व्यवसायाने नवे नाव देऊन थोडक्या प्रशिक्षणावर हाती घ्यावी, हे त्या समाजाला झोंबले यात नवल नाही. उलट बाजूने, आपल्या रुग्णाचा स्नायू रोज हाताखालून जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टला सुई नाकारणे हेही अनेकांना अन्यायाचे वाटले.

डिसेंबर २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने फिजिओथेरपीच्या परवाना मंडळाच्या बाजूने निकाल दिला : ड्राय नीडलिंग हा फिजिओथेरपीचा भाग मानता येईल. त्या वेळी कॅलिफोर्नियात मात्र चित्र नेमके उलटे होते. मिरियम ली यांना जिथे अटक झाली होती, त्या राज्यात परवानाधारक ॲक्युपंक्चर चिकित्सक उघडपणे सुया टोचत होते आणि फिजिओथेरपिस्टला तीच सुई हातात धरायला कायद्याने बंदी होती.